सायकलचा मार्ग काढणारं सॉफ्टवेअर ‘खर्च’ कसा मोजतं : समजून घ्या, हातानं मांडा, हवा तसा बदला

नकाशावर दोन ठिकाणं दिली की सायकलचं ॲप क्षणात एक रेघ काढून देतं. कधी ती आपल्या मनातलीच असते. कधी उगीच गल्लीबोळांतून फिरवते, तर कधी थेट ट्रकच्या रांगेत नेऊन सोडते. मग ‘या ॲपला काही कळत नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर ॲपची बेरीज बहुतेक वेळा बरोबरच असते. चुकलेले असतात ते बेरजेत धरलेले भाव, नाहीतर नकाशातली माहिती. आणि या दोन्ही गोष्टी आपल्याला तपासता येतात, बऱ्याच ठिकाणी बदलताही येतात.

त्यासाठी एक गोष्ट आधी पक्की करू या. सॉफ्टवेअर सगळ्यांत जवळचा रस्ता शोधत नाही, सगळ्यांत कमी वेळाचाही शोधत नाही. ते सगळ्यांत कमी ‘खर्चाचा’ रस्ता शोधतं. या खर्चातला प्रत्येक आकडा म्हणजे एकाच प्रश्नाचं उत्तर असतं : ही अडचण टाळायला मी चांगल्या, सपाट, शांत रस्त्यावर किती मीटर जास्त सायकल चालवायला तयार आहे? हा प्रश्न हाताशी ठेवला की पुढचं सगळं गणित सोपं होतं.

पायरी १ : रस्त्यांचं जाळं

सायकलची बहुतेक मुक्त सॉफ्टवेअर ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प जगभरातले स्वयंसेवक भरत आले आहेत. सॉफ्टवेअर त्यातले रस्ते प्रत्येक चौकाशी तोडतं. चौक म्हणजे नोड, आणि दोन नोडांमधला भाग म्हणजे एक तुकडा. खर्च या तुकड्यांवर लावला जातो.

प्रत्येक तुकडा दोनदा मोजला जातो, जाताना एकदा आणि येताना एकदा. जाताना जो चढ असतो तो येताना उतार होतो. एकेरी रस्ता एका दिशेनं खुला असतो, दुसऱ्या दिशेनं बंद. म्हणून जायचा आणि यायचा मार्ग वेगळा निघाला तर ती चूक समजू नका.

पायरी २ : लांबी गुणिले गुणक

मूळ सूत्र साधं आहे. तुकड्याची लांबी घ्यायची आणि रस्ता कसा आहे त्यानुसार ठरलेल्या गुणकानं तिला गुणायचं. आदर्श रस्त्याचा गुणक १. एखाद्या रस्त्याला २ दिला, तर त्याचा अर्थ असा की हा १ किलोमीटर टाळण्यासाठी मी चांगल्या रस्त्यानं २ किलोमीटरपर्यंत जायला तयार आहे. गुणक ठरवताना नेमकं हेच वाक्य मनात म्हणून बघावं. ५ किंवा ८ असे आकडे सहज टाइप होतात, पण वाक्यात बसवले की ते आपल्याला खरंच मान्य आहेत का ते लगेच कळतं.

गुणक कशावरून ठरतो? नकाशातल्या टॅगवरून, म्हणजे रस्त्याला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीवरून. रस्त्याचा दर्जा ‘हायवे’ या टॅगमध्ये असतो : प्रायमरी, रेसिडेन्शियल, ट्रॅक, सायकलवे वगैरे. ‘सरफेस’मध्ये डांबर, खडी, माती, फरशी. शेतातल्या किंवा जंगलातल्या वाटांना ‘ट्रॅकटाइप’ असतो, ग्रेड १ ते ग्रेड ५. १ म्हणजे पक्की, ५ म्हणजे पार मऊ माती. ‘बायसिकल’ टॅगमध्ये सायकलला परवानगी आहे, नाही, की उतरून ढकलत न्यायची, ते लिहिलेलं असतं. बंदी असेल तर सॉफ्टवेअर गुणक इतका मोठा करतं की तो रस्ता हिशेबातूनच जातो. ब्राउटर या सायकलचा मार्ग काढणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये १०,००० किंवा त्याहून मोठा गुणक म्हणजे रस्ता बंद. ढकलत न्यायची जागा मात्र बंद धरत नाहीत, चालण्याच्या वेगाला शोभेल इतकी महाग करतात.

खरी गोम न लिहिलेल्या टॅगांत असते. असंख्य तुकड्यांना ‘सरफेस’ लिहिलेलंच नसतं. अशा वेळी सॉफ्टवेअर अंदाज बांधतं : रेसिडेन्शियल आहे म्हणजे डांबरी असेल, ट्रॅक आहे म्हणजे कच्चा असेल. हा अंदाज प्रोफाइल, म्हणजे गुणकांची आणि भावांची यादी, लिहिणाऱ्यानं त्याच्या ओळखीचे रस्ते डोळ्यांपुढे ठेवून बांधलेला असतो. तुमच्याकडचे रस्ते तसे नसतील तर मार्ग बिघडतो, मग गुणक कितीही विचार करून ठरवलेले असोत. ॲप विचित्र वागतंय असं वाटलं की मी आधी टॅग बघतो, आकडे नंतर.

पायरी ३ : चढ-उतार

सायकलला चढ किती महाग पडतो, ते आधी कागदावर बघू. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८० किलो वजन धरा. ते १०० मीटर उंच न्यायला ८० गुणिले ९.८ गुणिले १०० म्हणजे ७८,४०० ज्यूल काम लागतं. पायांतून सलग १०० वॅट ताकद देणाऱ्याला एवढ्याच कामासाठी १३ मिनिटं लागतात, आणि यात टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा धरलेलाच नाही. सपाटीवर ताशी २० किलोमीटरनं जाणारा माणूस तेवढ्या वेळात चार किलोमीटरांहून पुढे गेलेला असतो. म्हणजे १ मीटर चढ हा सपाटीवरच्या साधारण ४० मीटरांइतका पडतो. चढाचा भाव ४० ते ६० च्या आसपास ठेवतात, तो उगीच नव्हे.

ब्राउटरच्या ‘ट्रेकिंग’ प्रोफाइलमध्ये मात्र एक चक्रावून टाकणारी गोष्ट दिसते. तिथं चढाचा भाव शून्य आणि उताराचा ६०! पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटं छापलंय असंच वाटतं. पण हिशेब करून बघा. निघायची जागा समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर, पोहोचायची १३० मीटरवर. एक मार्ग ३० मीटर चढतो आणि कुठेच उतरत नाही. दुसरा एकूण ८० मीटर चढतो आणि ५० उतरतो. चढातला फरक ५०, उतारातला फरकही ५०. टोकं तीच असली की चढ वजा उतार हा आकडा सगळ्या मार्गांना सारखाच येणार. त्यामुळे पैसे चढाचे घ्या की उताराचे, मार्गांची क्रमवारी तीच राहते.

उताराचे पैसे घेण्याला आणखी एक चांगलं कारण आहे. हलक्या उतारावर, चढताना घातलेली ताकद वेगाच्या रूपानं परत मिळते. तीव्र उतारावर ती ब्रेकमध्ये आणि हवेत वाया जाते. म्हणून या प्रोफाइलमध्ये दीड टक्क्यापर्यंतचा उतार फुकट आहे. एक किलोमीटरमध्ये ५० मीटर उतार असेल तर दीड टक्क्याचे १५ मीटर माफ, उरलेले ३५ गुणिले ६० म्हणजे २,१०० मीटरचा खर्च. एक किलोमीटरचा तुकडा तीन किलोमीटरांहून महाग झाला.

मग उताराला उणे खर्च का देत नाहीत? फुकट वेग मिळतो, तर बक्षीस का नको? कारण मार्ग शोधायच्या नेहमीच्या पद्धती ‘खर्च कधीच कमी होत नाही’ या गृहीतकावर उभ्या आहेत. उणे आकडा आला की तो पायाच ढासळतो. उतार फार तर फुकट ठेवता येतो.

आता उंचीच्या माहितीकडे वळू. अनेक सॉफ्टवेअर एसआरटीएम या मोहिमेची उंची वापरतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानानं ११ दिवस रडार फिरवून पृथ्वीच्या जमिनीचा मोठा भाग मोजला. तिची सर्रास वापरली जाणारी जाळी साधारण ९० मीटरची आहे, म्हणजे दर ९० मीटरला उंचीचा एक आकडा, आणि रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही दिसतात. परिणाम असा, की सपाट रस्त्यावर सलग बिंदूंची उंची ३१, ३४, ३०, ३३, ३१ अशी येऊ शकते. चढ जसाच्या तसा जोडला तर ३ अधिक ३, म्हणजे ६ मीटर. रस्त्यावर तो नाहीच, पण ४० च्या भावानं २४० मीटरचा खर्च लागला. असा खोटा चढ किलोमीटरमागे जमत गेला की गर्द झाडीतला सुंदर सपाट रस्ता डोंगरी ठरतो.

यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर उंचीतले छोटे बदल लगेच हिशेबात न घेता बाजूला साठवून ठेवतं, आणि ते ठरावीक मर्यादेबाहेर गेले तरच खर्च लावतं. ब्राउटरमध्ये ही मर्यादा मुळात ५ ते १० मीटर आहे. पूल आणि बोगदे हे आणखी एक दुखणं. पुलाखाली दरी असली तर उंची दरीची येते, बोगद्यावर डोंगर असला तर डोंगराची. अशा ठिकाणी दोन टोकांच्या उंचीमध्ये सरळ रेघ धरावी लागते. तुमच्या आलेखात पुलावर अचानक खड्डा दिसला तर कारण बहुधा हेच.

पायरी ४ : वळणं, सिग्नल, फाटकं

वळणाचा खर्च लांबीवर नसतो, प्रसंगावर असतो. वेग कमी करा, मागे बघा, पुन्हा वेग घ्या, याचा तो मोबदला. ब्राउटर तो कोनावरून काढतं : १ वजा कोसाइन, गुणिले ठरलेला आकडा. सरळ गेलात तर शून्य. काटकोनात वळलात तर पूर्ण आकडा, मागे फिरलात तर दुप्पट. ४५ अंशांच्या तिरप्या वळणाला जेमतेम २९ टक्के. काही सॉफ्टवेअर समोरच्या वाहतुकीला छेदून जाणाऱ्या वळणाला जास्त भाव लावतात आणि ते अगदी योग्य आहे. मोठ्या चौकातलं तसं वळण आणि गल्लीतलं साधं वळण एका मापानं मोजणं मला पटत नाही.

यात तांत्रिक अडचण अशी की चौकात पोहोचलो एवढं माहीत असून भागत नाही, कुठल्या तुकड्यावरून पोहोचलो तेही लक्षात ठेवावं लागतं. त्यामुळे हिशेब बराच वाढतो, आणि काही ॲप वळणांकडे सरळ दुर्लक्ष करतात. तुमचं ॲप दर शंभर मीटरला वळवत गल्ल्यांतून नेत असेल, तर संशय इथं घ्या.

सिग्नल आणि फाटकांचा खर्चही असाच, गाठलं की एकदा. होडीतून नदी ओलांडायची असेल तर होडीत पाय ठेवल्याबरोबर एक मोठी रक्कम एकदाच जोडली जाते.

पायरी ५ : सगळ्यांत स्वस्त मार्ग निवडणं

तुकड्यांना भाव लागले की शोध सुरू होतो. एड्सगर डाइक्स्ट्रानं १९५९ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आजही पाया आहे : आतापर्यंत सगळ्यांत स्वस्तात पोहोचलेला नोड उचला, तिथून पुढच्या तुकड्यांचा खर्च जोडा, पुन्हा सगळ्यांत स्वस्त नोड उचला. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या ए-स्टार पद्धतीनं त्यात दिशेचं भान घातलं. प्रत्येक नोडपासून मुक्कामापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतरही ती जमेस धरते, त्यामुळे भलत्या दिशेला शोध पसरत नाही.

यातून प्रोफाइल लिहिणाऱ्यासाठी एक कडक नियम निघतो. सरळ रेषेचा अंदाज खऱ्या खर्चापेक्षा कधीही जास्त असता कामा नये. तुम्ही सायकल ट्रॅक आवडतो म्हणून त्याला ०.८ गुणक दिलात, तर १ किलोमीटरचा ट्रॅक ८०० मीटरचा होतो, अंदाज खऱ्यापेक्षा मोठा पडतो आणि उत्तम मार्ग हातचा निसटू शकतो. म्हणून सगळ्यांत आवडत्या रस्त्याला १ द्यायचा आणि बाकीचे त्याच्या मानानं महाग करायचे.

काही सेवा उत्तर झटपट देता यावं म्हणून जाळ्यावर आधीच मोठी गणितं करून ठेवतात. वेग प्रचंड मिळतो, पण भाव बदलले की ती तयारी पुन्हा करावी लागते. म्हणूनच काही ॲपमध्ये तुम्हाला दोन-तीन तयार पर्यायच मिळतात आणि गुणकाला हात लावता येत नाही.

पायरी ६ : हातानं मांडून बघा

हे एकदा तरी कागदावर करावंच. भाव माझे, नमुन्यादाखल धरलेले : मोठा रस्ता २.०, गल्ली १.१, कच्चा रस्ता १.७, काटकोनी वळण ६०, सिग्नल ८०, चढाचा प्रत्येक मीटर ४०.

मार्ग ‘अ’ : मोठ्या रस्त्यानं सरळ ४,००० मीटर. २ वळणं, ५ सिग्नल, १२ मीटर चढ.
८,००० + १२० + ४०० + ४८० = ९,०००

मार्ग ‘ब’ : गल्ल्यांतून ४,९०० मीटर. ११ वळणं, १ सिग्नल, २० मीटर चढ.
५,३९० + ६६० + ८० + ८०० = ६,९३०

मार्ग ‘क’ : १,५०० मीटर कच्चा आणि २,८०० मीटर गल्ली. ६ वळणं, सिग्नल नाही, ४५ मीटर चढ.
२,५५० + ३,०८० + ३६० + १,८०० = ७,७९०

‘ब’ जिंकला, जरी तो तिघांत सगळ्यांत लांबचा आहे. आता अरुंद टायरची सायकल घेऊन वेगानं जाणारा, वाहतुकीला सरावलेला माणूस घ्या. त्याच्यासाठी मोठा रस्ता १.२, कच्चा ४. ‘अ’ ५,८०० वर येतो, ‘ब’ जिथल्या तिथं राहतो, ‘क’ ११,२४० वर जातो. त्याला ॲप सरळ मोठ्या रस्त्यानं नेणार. नकाशा तोच, माणूस वेगळा.

याहून कामाचं म्हणजे पारडं नेमकं कुठं फिरतं ते शोधणं. ‘अ’ आणि ‘ब’ बरोबरीत येण्यासाठी मोठ्या रस्त्याचा गुणक किती हवा? ६,९३० मधून ‘अ’चे इतर १,००० वजा करा आणि ४,००० नं भागा : १.४८. म्हणजे २.० वरून १.५ पर्यंत गुणक कितीही हलवला तरी निवड बदलणार नाही, आणि १.४८ च्या खाली गेला की अचानक पूर्ण मार्ग बदलेल. ‘आकडा बदलला तरी काहीच होत नाही’ आणि ‘जरासा बदलला तर सगळंच उलटं झालं’ या दोन्ही तक्रारींचं मूळ इथं आहे.

खर्च वेगळा, वेळ वेगळी

ॲप ‘२२ मिनिटं’ दाखवतं, त्या आकड्यावर मार्ग निवडलेला असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी आधी खर्चावर मार्ग निवडतात आणि मग त्यावर वेळ काढतात. व्हॅल्हाला या मार्ग काढणाऱ्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये हा भेद अगदी स्पष्ट आहे : फाटकाला एक खर्च असतो, जो वेळेतही धरला जातो, आणि एक दंड असतो, जो फक्त मार्ग निवडताना मोजला जातो. ग्राफहॉपर वेगळ्या वाटेनं जातं. तिथं लांबीला वेग आणि प्राधान्य यांच्या गुणाकारानं भागतात, आणि त्यात लांबीच्या प्रमाणात आणखी थोडा खर्च जोडतात. रस्ता वेगवान असला तरी त्याचं प्राधान्य निम्मं केलं की तो दुप्पट महाग होतो, वेळ मात्र तीच दाखवली जाते. ओपनट्रिपप्लॅनरमध्ये वेळ, चढ आणि सुरक्षितता असा त्रिकोण ठेवून आपल्याला त्यात जागा निवडू देतात.

पायरी ७ : आपला प्रोफाइल बसवणं

ब्राउटरच्या वेबपानापासून सुरुवात करा. प्रोफाइल तिथं खुला असतो आणि लगेच बदलून बघता येतो. तुम्ही नेहमी चालवता असे तीन मार्ग निवडा : एक सपाट, एक चढाचा, एक जिथं मोठा रस्ता टाळायचा की नाही हा रोजचाच प्रश्न आहे. ॲपनं वेगळा मार्ग दिला तर दोन्ही मार्ग आखा आणि डेटाचा तक्ता उघडा. तिथं प्रत्येक तुकड्यापुढे दर किलोमीटरचा खर्च, चढ-उताराचा, वळणाचा, नोडचा खर्च आणि टॅग वेगवेगळ्या रकान्यांत असतात. फरक कुठल्या रकान्यातून आला ते डोळ्यांना दिसतं.

मग एका वेळी एकच आकडा हलवा आणि तिन्ही मार्ग पुन्हा काढा. पहिला दुरुस्त करताना दुसरा बिघडणं हे नेहमीचंच आहे. सुरुवातीचा बिंदू भलत्याच रस्त्याला, बहुधा दुभाजकापलीकडच्या बाजूला चिकटलेला नाही ना, हेही बघा. तसं झालं असेल तर आकड्यांशी झटण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी आग्रही आहे. बेरीज ही पद्धतच अशी आहे, की लांबच्या चांगल्या मार्गात एखादा छोटा भयंकर तुकडा लपून जातो. २०० मीटरचा भरधाव रस्ता, गुणक ५ : खर्च अवघा १,०००. दोन किलोमीटरचा वळसा त्याहून महाग, म्हणून सॉफ्टवेअर त्या २०० मीटरवरूनच नेणार. पण एखादं मूल किंवा नवखा स्वार त्या २०० मीटरपाशीच थांबतो. बाकीचा मार्ग किती छान आहे याला त्याच्या लेखी किंमत नसते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेटा ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटनं मांडलेली वाहतुकीच्या ताणाची चार पातळ्यांची मोजपट्टी याच विचारावर उभी आहे : मार्गाचा ताण त्यातल्या सगळ्यांत वाईट तुकड्यावर ठरतो, सरासरीवर नाही. म्हणून घरातल्या मुलासाठी प्रोफाइल बनवत असाल तर भरधाव रस्त्यांना मोठा गुणक देऊन थांबू नका, ते सरळ बंद करा. मार्ग निघालाच नाही, तर सुरक्षित जोडरस्ता नाही हे तरी खरं कळेल.

पावसाळ्यासाठी वेगळी प्रत ठेवा. मातीच्या वाटांचा गुणक तिपटीनं वाढवायला काहीच हरकत नाही, आणि गुळगुळीत फरशीच्या उताराला थोडा जास्त भाव लावा. लोड घेऊन दौऱ्यावर जाणार असाल तर चढाचा भाव वजनाच्या प्रमाणात वाढवा. ८० चे १०० किलो झाले तर ४० चे ५०.

आणि तक्त्यात चूक टॅगांचीच निघाली, म्हणजे खडीचा रस्ता डांबरी लिहिलेला किंवा ‘सरफेस’ रिकामाच, तर गुणकात पाचर मारू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा, स्वतः पाहिलेल्या तुकड्याचा टॅग दुरुस्त करा आणि बदलाच्या नोंदीत कशावरून लिहिलं ते एका ओळीत सांगा. ब्राउटरसारखी सॉफ्टवेअर आपला डेटा ठरावीक काळानं नव्यानं उतरवून घेतात. तो उतरला की तुमच्याच प्रोफाइलवर तोच मार्ग पुन्हा काढून बघा.